कॅलेंडरवर लिहिलेलं दुखणं

जबलपूरच्या मराठी घराची एक खूण आहे. बाहेरच्या खोलीत 'कालनिर्णय' आणि स्वयंपाकघराच्या दारामागे 'लाला रामस्वरूप'! उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे चतुर्थी, एकादशी, मंगळागौर पाहायची ती कालनिर्णयावर. दूध, गॅसचं सिलिंडर, कामवालीच्या सुट्ट्या, धोब्याचे कपडे हा सगळा व्यवहार मात्र आमच्या गावातूनच निघणाऱ्या लाला रामस्वरूपच्या चौकोनांत लिहायचा. दूधवाल्याशी एकदा हिशेबावरून वाद झाला, तेव्हापासून आई जुनी कॅलेंडरंही फेकत नाही. गुंडाळी करून ती कपाटावर टाकून देते.

त्या गुंडाळ्यांपैकी दोन माझ्या वहिनीच्या आयुष्यात केवढी मोठी कामगिरी बजावणार आहेत, याची तेव्हा आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती.

सप्टेंबर २०१८ ची गोष्ट. गौरींसाठी मी चार दिवसांची रजा काढून घरी आले होते. गौरी बसल्या, नैवेद्य झाला, आणि दुपारी आम्ही दोघी पाय पसरून जरा विसावलो. माझं लक्ष सहज वहिनीच्या पायांकडे गेलं. तिची जोडवी बोटांत रुतली होती. पावलं टम्म फुगली होती, आणि घोट्याजवळ बोटानं दाबलं तर खळगा पडून तो तसाच राहत होता.

"वहिनी, हे काय गं? कधीपासून आहे?"

"अहो ताई, काही नाही. तीन दिवस उभं राहून स्वयंपाक चाललाय ना, त्यानं आलीय सूज."

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला असं एक कारण तयार असायचं. खरं सांगायचं तर ती कारणं तिची एकटीची नव्हती. ती आम्ही सगळ्यांनी मिळूनच तिला पुरवली होती.

प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण

वहिनी नागपूरची. दादाशी लग्न होऊन २०१६ मध्ये ती आमच्या घरी आली. नागपूर आणि जबलपूर यांचा सोयरसंबंध जुनाच आहे. १९५६ पर्यंत नागपूर आमच्या प्रांताची राजधानी होती, आणि अजूनही आमच्याकडच्या निम्म्या सुना सिवनीच्या रस्त्यानंच येतात. वहिनी हसरी, कामाला चपळ, आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल तोंडातून चकार शब्द न काढणारी. 'गुणाची सून' म्हणून अख्ख्या नात्यागोत्यात तिचं कौतुक व्हायचं. हे कौतुक किती महागात पडू शकतं, हे नंतर कळलं.

मार्च २०१७ मध्ये पाहुण्यांना घेऊन आम्ही भेडाघाटला गेलो. संगमरवरी खडकांतून नावेनं फिरलो. वर ऊन, खाली नर्मदेच्या पाण्याची चमक आणि दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र कडे. दुसऱ्याच दिवशी वहिनीच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लालसर काळपट चट्टे उठले आणि अंगात कणकण आली. "ऊन लागलं," आई म्हणाली. चट्टे आठ-दहा दिवसांनी फिके झाले, पण पूर्ण गेले नाहीत. पार्लरवाली म्हणाली, वांग आहेत. मी म्हणाले, "छत्री वापरत जा." आणि तिला एक महागडं क्रीम आणून दिलं.

पावसाळ्यात हाताची बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही, कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. गल्लीत चिकनगुनियाची साथ होती, तेव्हा डॉक्टरांनी तेच निदान केलं. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखलं. मग शेजारच्या काकूंनी तेल दिलं.

नोव्हेंबरमध्ये तिला चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. घरावर शोककळा पसरली. "पाण्याची बादली उचलली असेल," कुणी म्हणालं. "दृष्ट लागली," असंही कुणी म्हणालं. वहिनी काहीच बोलली नाही.

पुढच्या संक्रांतीला आम्ही ग्वारीघाटावर गेलो. थंडगार पाण्यात हात घालताच वहिनीची बोटं मेणासारखी पांढरी पडली, मग निळसर, आणि ऊब मिळाल्यावर लाल. मी हसून म्हणाले, "वहिनी, तुझी बोटं तर रंग बदलतात!" तो प्रसंग आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

उन्हाळ्यात केस मूठमूठ गळू लागले. टाळूला फोड आले. "उष्णता," असं म्हणून आईनं तिला गुलकंद आणि सब्जा सुरू केला. थकवा तर इतका, की दुपारी आडवी झाली की तिला उठवत नसे. त्यालाही नाव होतं: "गर्भपातानंतर खचलीय बिचारी."

वाचकहो, यातली एकही माणसं दुष्ट नव्हती. प्रत्येकानं आपापल्या परीनं माया केली होती. डॉक्टरांचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला, हाडांच्या डॉक्टरांनी बोटं पाहिली, स्त्रीरोगतज्ज्ञांनी पोट पाहिलं. पण वहिनी अख्खी अशी कुणीच पाहिली नाही. आणि मी? मी तर आमच्या साप्ताहिकात महिन्याला निदान दोन आरोग्यविषयक लेख तपासून छपाईला पाठवते!

"पिछले दो साल का सब बताओ"

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि दादा तिला एका बुजुर्ग फिजिशियनकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी रक्तदाब पाहिला. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा रक्तदाब वाढलेला होता. मग त्यांनी लघवी तपासायला दिली आणि सहज विचारलं, "बेटा, पेशाब में झाग आता है क्या?" वहिनी खाली मान घालून "हां" म्हणाली. दोन महिन्यांपासून फेस येत होता. असलं काही सासरी कुणाला सांगायचं, म्हणून ती गप्प होती.

"अच्छा, अब पिछले दो साल का सब बताओ. सब कुछ," डॉक्टर म्हणाले.

वहिनी अडखळली. कधी काय झालं हे तिला सांगता येईना. मग हळूच म्हणाली, "कॅलेंडरवर लिहिलंय."

तिला ताप आला, की दुधाच्या लिटरांशेजारी ती बारीक अक्षरांत 'ताप' लिहायची. 'हात', 'तोंड', 'चट्टे', 'केस'. डॉक्टरांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहीत होती. पण कुणी विचारलंच नाही, आणि ती आपणहून बोलली नाही.

संध्याकाळी दादा दोन्ही वर्षांची कॅलेंडरं घेऊन गेला. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि पानामागून पान उलटत राहिले. एका कागदावर त्यांनी खाली खाली लिहीत नेलं: उन्हानंतर चट्टे व ताप. सांधे. गर्भपात. थंडीत बोटं पांढरी. केस. तोंडात फोड. सूज, फेस. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "ये सात बीमारियां नहीं हैं बेटा, एक ही है."

रक्ताच्या तपासण्या झाल्या. लघवीतून प्रथिनं जात होती. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आम्ही तिला नागपूरला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. तिथं मूत्रपिंडाचा सुईनं काढलेला बारीक तुकडा तपासला गेला आणि आजाराचं नाव पक्कं झालं. सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, थोडक्यात एसएलई किंवा नुसतंच ल्युपस. आजार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता, पण मूत्रपिंड अजून शाबूत होतं.

कुंपणच शेत खातं तेव्हा

ल्युपस म्हणजे काय, हे मला नागपूरच्या डॉक्टरांनी एका वाक्यात समजावलं. "कुंपणच शेत खातं, तसं." आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षण यंत्रणा असते. या आजारात ती आपलं आणि परकं यातला भेद विसरते आणि स्वतःच्याच पेशींवर उलटते. रक्त जिथं जिथं जातं तिथं तिथं ती उपद्रव करू शकते. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, फुप्फुसाचं आणि हृदयाचं आवरण, रक्तपेशी, मेंदू. म्हणून तर कुणाला चेहऱ्यावर दिसतो, कुणाला लघवीत, तर कुणाला आकडी येते. दोन रोग्यांचा ल्युपस सारखा नसतो.

हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं तो होत नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे, आमच्याच गल्लीतल्या एका हळदीकुंकवाला वहिनीचा कप वेगळा ठेवला गेला होता. काही अंशी तो अनुवंशातून येतो, काही अंशी संप्रेरकांशी आणि सूर्यप्रकाशासारख्या बाहेरच्या गोष्टींशी त्याचा संबंध असतो. पण एकच एक कारण सांगता येत नाही. पूर्वजन्मीचं पाप किंवा दृष्ट तर नक्कीच नव्हे. दर दहा रोग्यांत साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे ज्या वयात बाईनं थकल्याचं बोलूनही दाखवायचं नसतं, नेमक्या त्याच वयात! पुरुषांना आणि लहान मुलांनाही तो होतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

'ल्युपस' या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्यानं चावा घेतल्यासारख्या दिसतात, म्हणून युरोपातल्या जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं. हा आजार नुसत्या कातडीचा नसून शरीराच्या आतही जातो, हे १८७२ मध्ये व्हिएन्नातल्या मोरित्झ कापोसी या डॉक्टरनं नोंदवलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये या रोग्यांच्या मज्जेत एक विशिष्ट पेशी सापडली आणि निदानाची वाट खुली झाली. त्यानंतर लवकरच कॉर्टिझोन आलं. त्याच्या शोधासाठी १९५० चं नोबेल पारितोषिक दिलं गेलं.

अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर हिला ऐन पंचविशीत ल्युपसनं गाठलं. तिच्या वडिलांचाही याच आजारानं मृत्यू झाला होता. म्हणून आईनं तिला खरं नाव न सांगता संधिवात असल्याचंच सांगितलं होतं. १९५२ मध्ये एका मैत्रिणीकडून तिला खरं कळलं. १९६४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. आज औषधं खूप पुढं गेली आहेत. पण बाईचं दुखणं तिच्यापासून आणि चारचौघांपासून झाकून ठेवण्याची रीत मात्र तिथलीच नव्हे, आपलीही आहे.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

वहिनीच्या आजारपणात डॉक्टरांना विचारून विचारून मी एका वहीत टिपत गेले. त्यातलं सगळ्यांच्या उपयोगाचं इथे देते.

चेहऱ्यावरचे चट्टे: फुलपाखरानं पंख पसरावेत तसे दोन्ही गालांवर आणि नाकावर येतात. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी मात्र बहुधा कोरी राहते. उन्हात गेल्यावर ते वाढतात. पुस्तकांत त्यांचा रंग लाल सांगितलेला असतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर ते काळपट किंवा जांभळट दिसू शकतात, आणि तिथेच फसगत होते. वांगाचे डाग तपकिरी, सपाट असतात आणि त्यांच्याबरोबर ताप किंवा सांधेदुखी येत नाही.

सांधे: दोन्ही हातांच्या बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे दुखतात. सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात.

ताप आणि थकवा: बारीक ताप येत-जात राहतो आणि त्याचं कारण सापडत नाही. विश्रांती घेऊनही थकवा जात नाही. वजन घटतं.

तोंड आणि केस: टाळूवर किंवा गालाच्या आत फोड येतात. पुष्कळदा ते दुखतही नाहीत, म्हणून आरशात पाहिल्याशिवाय कळत नाहीत. केस गळतात, विशेषतः कपाळाजवळचे तुटून आखूड होतात.

बोटांचे रंग: थंडीत किंवा गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होतात. हे एकटं असेल तर बहुतेकदा निरुपद्रवी असतं. बाकी खुणांच्या सोबतीनं आलं तर त्याला अर्थ असतो.

छाती: खोल श्वास घेताना कळ येते, दम लागतो.

लघवी: फेसाळ होते किंवा लालसर येते. पाय, डोळ्यांखालचा भाग सुजतो. तरुण वयात रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला मुळीच दुखत नाही, म्हणून लघवीची साधी, स्वस्त तपासणी फार मोलाची आहे.

गर्भपात: ल्युपसच्या काही रोग्यांच्या रक्तात गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं असतात. त्यामुळे गर्भ राहूनही टिकत नाही. दहाव्या आठवड्यानंतर गर्भ गेला किंवा पुन्हा पुन्हा गर्भपात झाले, तर बाईला बोल लावण्याआधी रक्त तपासावं.

यांतलं एखादं लक्षण कुणालाही असतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा दर १०० प्रौढांत सुमारे १८ जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं आढळलं. याउलट दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ल्युपसचं प्रमाण लाखात साधारण ३ एवढंच होतं. म्हणजे सांधे दुखले की ल्युपस झाला, असं समजून घाबरायचं मुळीच कारण नाही. पण तीन-चार खुणा एकाच व्यक्तीत, मागेपुढे का होईना, दिसल्या तर त्या एकत्र मांडून डॉक्टरांसमोर ठेवायलाच हव्यात.

तपासणीबद्दलही एक सांगते. एएनए नावाची रक्ताची तपासणी यात पहिली असते. ती नकारात्मक आली तर ल्युपस असण्याची शक्यता फार कमी. पण ती सकारात्मक आली म्हणजे ल्युपस झालाच, असंही नव्हे, कारण निरोगी माणसांतही ती कधीकधी सकारात्मक येते. म्हणून स्वतःच लॅबमध्ये जाऊन तपासणी करून रात्रीची झोप घालवू नका. पुढच्या तपासण्या आणि त्यांचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

आणि आकडी येणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, एक बाजू लुळी पडणं, एकाएकी दम लागणं, एकच पोटरी सुजून दुखणं किंवा उपचार चालू असताना जोराचा ताप येणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं.

औषध मिळेना तेव्हा

उपचार सुरू झाले. स्टिरॉइडच्या गोळ्या, संरक्षण यंत्रणेला लगाम घालणारं मायकोफेनोलेट, आणि मलेरियावरच्या औषधांच्या कुळातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हे शेवटचं औषध ल्युपसचा पाया समजलं जातं. ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि त्यासाठी ठराविक काळानं डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो.

स्टिरॉइडनं वहिनीचा चेहरा गोल गरगरीत झाला. "सून चांगलीच बाळसं धरतेय," असं एका लग्नात कुणीतरी म्हणालं आणि घरी आल्यावर ती खूप रडली. त्या रात्री तिनं गोळ्या बंद करायचं ठरवलं होतं. दादानं हात जोडून तिला थांबवलं. ते बरंच झालं, कारण स्टिरॉइड एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच ते हळूहळू कमी करत आणतात. सहा-आठ महिन्यांत लघवीतली प्रथिनं कमी झाली, चेहरा ओसरला, केस पुन्हा आले.

आणि मग उजाडला मार्च २०२०. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर रामबाण आहे, असा जगभर बोलबाला झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ते प्रतिबंधक म्हणून घ्यावं, असं आपल्याकडेही सुचवलं गेलं. लोकांनी गरज नसताना पाकिटंच्या पाकिटं घरात भरून ठेवली. सरकारनं चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली, पण तोवर फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. लॉकडाऊनमध्ये तोंडाला रुमाल बांधून दादा राइट टाउनपासून मेडिकलपर्यंत दुकानामागून दुकान पालथं घालत होता. घरात अकरा गोळ्या उरल्या होत्या. वहिनीनं त्या कॅलेंडरवर तारखांनिशी लिहून ठेवल्या: ११, १०, ९...

तीन गोळ्या उरल्या असताना गोरखपूर भागातल्या एका दुकानदारानं फोन केला. त्यानं त्याच्या नेहमीच्या ल्युपसच्या रोग्यांसाठी दोन पाकिटं बाजूला काढून ठेवली होती. त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं, की कोविडच्या रोग्यांना त्या औषधाचा काही फायदा होत नाही. म्हणजे ज्यांना त्याचा उपयोग नव्हता त्यांच्या कपाटात ते पडून राहिलं, आणि ज्यांचा आधार तेच होतं ते दारोदार फिरत होते.

आता कॅलेंडर सगळ्यांचं आहे

वहिनीला आई व्हायचं होतं. नात्यातल्यांनी तर "आता विसरा" असंच सांगितलं होतं. डॉक्टर मात्र म्हणाले, "विसरायचं नाही, पण घाईही करायची नाही." ल्युपस निदान सहा महिने पूर्ण शांत हवा, मायकोफेनोलेट गर्भाला घातक म्हणून ते आधी बदलायला हवं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र चालूच ठेवायचं. सगळं ठरवून, तारखा मोजून झालं. गरोदरपणात तिला कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि रोज पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन घ्यावं लागलं. ते द्यायला माझी आई शिकली. "बादली उचललीस म्हणून झालं," असं म्हणणाऱ्यांत तीही होती. पहिल्या दिवशी सुई हातात धरून ती म्हणाली, "पोरी, तेव्हा मला कळलं नाही गं." वहिनीनं नुसता तिचा हात धरला.

२०२३ च्या सुरुवातीला, दिवस पुरे व्हायच्या चार आठवडे आधी, माझी भाची जन्मली. वजनानं जरा कमी, पण आवाजानं खणखणीत.

आज वहिनी पूर्ण बरी आहे, असं मी म्हणणार नाही. ल्युपस मुळापासून जात नाही, तो लगामात राहतो. मधे एकदा लागोपाठ दोन लग्नांची उठबस झाली आणि तो पुन्हा उसळला होता. उन्हात जाताना ती पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते, छत्री घेते, चेहऱ्याला सनस्क्रीन लावते. भेडाघाटला आम्ही आता सूर्य कलल्यावर जातो. दर तीन महिन्यांनी लघवीची आणि रक्ताची तपासणी ठरलेली आहे. कुणी प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घेऊन आलं, तर ती हसून म्हणते, "काकू, माझ्याकडे ती जरा जास्तच आहे!"

एक बदल मात्र आमच्या घरात कायमचा झाला. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर आता घरातले सगळेच आपापली दुखणी लिहितात. दादाची पित्ताची जळजळ, आईचा गुडघा, बाबांचा रक्तदाब. महिना संपला की वहिनी ते पान वाचते आणि कुणाला काही पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याला डॉक्टरकडे पिटाळते.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं एखादं कॅलेंडर असेलच. दुधाचा हिशेब आपण चोख ठेवतो, अर्धा लिटरसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नाही. त्याच चौकोनात दोन शब्द स्वतःसाठीही लिहा. आणि घरात जी सून, जी लेक, जी आई 'काही नाही हो' म्हणून सगळं निभावून नेते, तिनं तिथं काय लिहिलंय ते महिन्यातून एकदा घरातल्या बाकीच्यांनी वाचा.

मागच्या दिवाळीत मी घरी गेले, तेव्हा भाचीनं खुर्चीवर चढून कॅलेंडरच्या एका चौकोनात निळ्या खडूनं काहीतरी गिरबटलं होतं. "काय लिहिलंस गं?" मी विचारलं.

"माझं ढोपर फुटलं ते," ती म्हणाली, आणि फ्रॉक वर करून मला खरचटलेलं ढोपर दाखवलं.